बटाटा मूळ की खोड

आमच्या सोसायटीतल्या बँकवाल्या मित्राने मला बटाट्यावरून फसवलं.

नेरूळला आमच्या गेटपाशी एक बाक आहे. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण तिथे बसतो आणि फालतू प्रश्नांवर भांडतो. साप दूध पितो का, यावर आमचा अख्खा पावसाळा गेला. नियम एकच, हरलेल्याने उभं राहून ‘तुझं खरं’ म्हणायचं. मी साताऱ्याकडून आलो, मार्केटात पोती वाहिली, आज तिथेच माझा बटाट्याचा गाळा आहे. भावात मी कुणापुढे नमत नाही. बाकावरूनही हरून कधी उठलो नव्हतो.

त्या दिवशी कुणीतरी विचारलं, बटाटा मूळ की खोड?

“मूळ,” मी म्हणालो. “मातीतून निघतो, दुसरं काय असणार?”

“मला वाटतं खोड,” बँकवाला म्हणाला.

“कशावरून? आयुष्यभर शिक्के मारलेस तू. बटाटा मला शिकवतोस?”

“फोन आला,” म्हणत तो बाजूला गेला. परत आला तो एकदम शांत.

“शेठ, बटाट्याला डोळे असतात, त्यातून कोंब फुटतात. मुळाला कधी डोळे बघितलेस?”

कोंब आलेला माल मीच रोज बाजूला काढतो. मी उभा राहिलो आणि ‘तुझं खरं’ म्हणालो. राग आला नाही. बसल्या जागी काय डोकं चालवलं गड्याने, असं गिऱ्हाइकांनाही कौतुकाने सांगत होतो.

पुढे एकदा नातवाचा फोटो दाखवायला त्याने फोन माझ्या हातात दिला. बोट जरा जास्त सरकलं आणि स्क्रीनशॉट दिसला. तोच प्रश्न, खाली उत्तर, डोळे आणि कोंबांसकट. तारीख त्याच संध्याकाळची.

“हे काय रे?”

“उत्तर बरोबर होतं ना शेठ? मग कशाला टेन्शन घेतोस?”

सगळे हसले.

उत्तर बरोबर होतं, मान्य. पण मी त्याच्याशी भांडत होतो, त्याच्या फोनशी नाही. फोनच काढायचा होता तर माझ्याही खिशात होता.

आता बाकावर उघडच चालतं. कुणी तोंड उघडलं की चार फोन निघतात. निकाल लागतो आणि मग जो तो आपापल्या फोनमध्ये. परवा मी मुद्दाम चुकीचं बोललो. एकाने वर न बघता स्क्रीन माझ्यासमोर धरली.

बँकवाला अजून रोज येतो. खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी का, हे त्यानेच मला तासभर समजावलं होतं. ते तरी त्याच्या डोक्यातलं होतं का? फोन घरी ठेवून त्याने बाकावर यावं आणि फ्लेमिंगोंचं ते सगळ्यांसमोर पुन्हा समजावून सांगावं.