अडणारं काडतूस आणि टेलरचा खडू

दुबईच्या देरा भागात मामूच्या टेलरिंगच्या दुकानात एका दुपारी आमचे घरमालक कमरेला पिस्तूल लावून आले... आणि मला म्हणाले, "ए दर्जी, सबका फिटिंग करता, इसका भी करो!"

साठच्या दशकातली गोष्ट. यूएई हे नावही तेव्हा जन्माला आलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा, दापोलीकडून नुकताच आलेला. मालकांपुढे तोंड कमी चालवायचं, अशी मामूची सक्त ताकीद होती.

मालकांना सगळे बू सालिम म्हणत, म्हणजे सालिमचे वडील. याच सालिमचं चार दिवसांनी लग्न होतं. नवरी अल ऐन गावची, बू सालिमच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ मंडळी घेऊन आला की सहा बार उडवून स्वागत करणार, असं हे गावभर सांगून बसले होते.

घोडं पेंड खात होतं ते काडतुसांपाशी. नवी मिळत नव्हती, म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या ते घरीच पुन्हा भरायचे. आत बंदुकीची दारू, वर शिशाची गोळी, आणि मग चिमट्यासारख्या हत्याराने पुंगळीचं तोंड आवळायचं... भरली झकास, पण पिस्तुलाच्या चक्रात पुरती जाईनात!

पिस्तूल मुकं राहिलं तर भाऊ मरेपर्यंत चिडवेल, म्हणत होते. चेहरा इतका पडलेला की मला हसूही येईना.

कुणीतरी सांगितलं गोळी जाड आहे, म्हणून त्यांनी गोळ्या घासल्या. तरी तेच. मग चक्राची भोकं घासून लखलखीत केली. तरी तेच! मग मीही अक्कल पाजळली आणि गळ्यातली टेप काढून मापं घेतली... कापडाच्या टेपने काडतूस मोजणारा जगात मीच पहिला असेन. मामू मागून डोळे वटारत होता.

आणि एकदम सुचलं. कोट बगलेत अडला तर आम्ही काय करतो? गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो आणि नेमका कुठे अडतो तिथे खडूने खूण करतो. तेही कच्च्या टाक्यावर, पक्की शिलाई मारण्याआधी.

मालकांना तिकडे अरबाब म्हणायची पद्धत. म्हटलं, "अरबाब, एक ट्रायल का बनाओ. बारूद-बिरूद कुछ नहीं, एकदम खाली." खरं सांगतो, यात हुशारी कमी आणि भीती जास्त होती. मला कधीतरी आईकडे परत जायचं होतं... अखंड!

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं कोरडं काडतूस आणलं. मी त्याला सगळीकडून निळा मेणखडू चोपडला, चक्रात घातलं, अडलं तिथून अलगद बाहेर काढलं. खडू जागच्या जागी होता... फक्त पुंगळीच्या तोंडाच्या जरा खाली एक गोल पट्टी पुसली गेलेली.

गोळी निर्दोष, पिस्तूलही निर्दोष. गोळी निसटू नये म्हणून मालक तोंड इतकं आवळत की खाली पितळेचं पोट सुटत होतं. कॉलर फार घट्ट झाली की गळ्याचं मांस वर येतं ना, तसं.

आता हे सांगायचं कुणी? बू सालिम तरुणपणी समुद्रात बुडी मारून मोती काढणारे. हाताच्या जोराचा त्यांना कोण अभिमान! मामूने तर डोळेच मिटून घेतले. मी धीर करून खडूची खूण दाखवली आणि म्हणालो, "अरबाब, हाथ थोडा हल्का. आपमें ताकद बहोत है."

ते खदखदून हसले. "वल्ला! मेरा माँ भी यही बोलता था!"

फुगलेली सगळी काडतुसं त्यांनी बाद केली. हलक्या हाताने नवीन सहा भरली, आणि सहाही सुळकन आत गेली.

लग्नाच्या दिवशी अल ऐनची मंडळी गाडीतून उतरली आणि बू सालिमनी हात आभाळाकडे केला. मी पार मागे, आपल्या हिंदी लोकांत उभा राहून बोटांवर मोजत होतो. एक... दोन... पाचव्यानंतर जरा थांबले, तर मी टाचा उंचावून बघू लागलो. आणि सहावा! भावाने पुढे होऊन, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या नाकाला नाक लावलं.

मग बू सालिम गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. हाताला धरून नेलं आणि भावाच्या शेजारी, मटण-भाताच्या मोठ्या थाळ्यापाशी बसवलं. अरबीत सगळ्यांना काहीतरी सांगितलं, सगळे माझ्याकडे बघून हसले. भावाने मटणाचा चांगला तुकडा तोडून माझ्यापुढे सरकवला.

गाव सोडल्यापासून मी कुणाच्याही घरच्यांसोबत जेवायला बसलो नव्हतो. भरून आलं... तरी पोटभर जेवलो.

अल्लाह त्या दोघा भावांना जन्नत नसीब करो. पुढे कितीतरी वर्षं मी तिथेच काढली... पण त्या जेवणानंतर दुबईत परकं असं कधी वाटलं नाही.