मानेखाली हात

मावशी बाजारातून भोपळा आणायची तो कधी पिशवीत टाकून नाही. छातीशी धरून आणायची. एक तळवा बुडाखाली, दुसऱ्या हाताची बोटं पसरून देठाखाली. वाटेत कुणीतरी हटकायचाच, "काय मावशी, मुलगा का मुलगी?"

"भोपळा आहे. तू झालास तेव्हा एवढाच होतास, आणि रंगही हाच होता. आठ दिवस उन्हात धरून बसले होते तुला."

विचारणारा वाटेला लागायचा. मावशीच्या तोंडी लागायचं नाही हे गावाला ठाऊक होतं, तरी लोक लागायचेच. चाळीस वर्षं ती गावची सुईण होती. गावातल्या निम्म्या माणसांना जगातला पहिला धपाटा तिनेच घातला होता, त्यामुळे पुढे कितीही मोठा झालेला माणूस तिच्यापुढे नागडाच असायचा.

रविवारी चर्चमध्ये ती शेवटून तिसऱ्या बाकावर बसायची, ती मुद्दाम. तिथून सगळ्यांची डोकी दिसायची. फादरांचं प्रवचन लांबलं की ती डोकी वाचत बसायची. हा पायाकडून आला. हिने दीड दिवस रखडवलं. याच्या गळ्यात नाळेचा वेढा होता, निळाशार पडला होता, आणि आता बघा, कसा टाळूला तेल चोपडून पहिल्या बाकावर बसलाय.

मूल हातावर घेतलं की ती वजन सांगायची. सून सरकारी दवाखान्यात नर्स. ती नवीन होती तेव्हा तिने एकदा सासूची परीक्षा घेतली. मावशीने सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत पन्नास ग्रॅमचा फरक निघाला.

"काटा दुरुस्त करून घ्या," मावशी म्हणाली.

पुढच्या महिन्यात काटा तपासणारा माणूस आला आणि काटा खरंच चुकत होता असं निघालं. सून ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायची. सासू ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या वेळी घरात असली तर खोलीबाहेर जायची नाही.

मग रस्ता झाला, गाडी यायला लागली, बाया बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या. मावशीने त्याबद्दल कधी बोटं मोडली नाहीत. उलट अडलेल्या बायांना तिनेच रागावून गाडीत बसवलं होतं. "तिथे रक्त चढवता येतं. माझ्याकडे काय चढवू, चहा?" शेवटचं मूल तिच्या हाती आलं त्याला आता अकरा वर्षं झाली. कात्री, दोरा, साबणाची वडी आणि मऊ फडकी भरलेली तिची पिशवी दाराआड खुंटीला होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती कात्री उकळून, पुसून परत ठेवायची. कशासाठी, ते कुणी विचारत नव्हतं.

पण वर्षातून एकदा तिच्या हातावर मूल यायचं. नाताळच्या सकाळी.

त्या चर्चची रीतच तशी होती. गोठा आधीपासून सजलेला असायचा, मरियाबाई, योसेफ, मेंढरं, सगळी आपापल्या जागी, फक्त गव्हाण रिकामी. नाताळच्या सकाळच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य प्रार्थनेला, गाणं सुरू झालं की मावशी बाळाला घेऊन दारातून निघायची, मधल्या वाटेने सगळ्यांच्या देखत गोठ्यापर्यंत जायची, तिथे त्याला बाळंत्यात गुंडाळायची आणि गव्हाणीत ठेवायची. ते फडकं त्या वर्षी ज्या घरात शेवटचं मूल जन्मलं, त्या घरातून यायचं. बाळ लाकडाचं, गावातल्या म्हाताऱ्या सुताराच्या बापाने कोरलेलं, वीतभर. मुठी वळलेल्या, डोळे मिटलेले, नाक बसकं. देखणं म्हणावं असं काही नव्हतं.

हे काम तिच्याकडे आलं त्या पहिल्या वर्षी एक प्रकार घडला होता. गोठ्यापाशी पोचल्यावर चर्चमध्ये चिडीचूप झालं. आणि मूल हातात असताना एवढी शांतता म्हणजे मावशीच्या लेखी धोक्याची गोष्ट. मूल रडत नाही! तिने काही विचार न करता बाळाला पायांनी उलटं धरलं आणि पाठीत सणसणीत धपाटा ठेवून दिला. तेव्हाचे म्हातारे फादर वेदीला धरून इतके हसले की त्यांना पुढची प्रार्थना सापडेना. त्यानंतर दर नाताळला पोरंटोरं बाकावर उभी राहून बघायची, या वर्षी मारते का. मावशी मारायची नाही. पण हात शिवशिवायचा.

यंदा फादर नवे होते. जूनमध्ये बदलून आलेले, तरुण, गोड बोलणारे. नाताळ तीन आठवड्यांवर आला. बायांनी खिडक्यांच्या काचा पुसल्या, पुरुषांनी गोठ्याचे खांब उभे केले, गाणाऱ्यांनी एकाच गाण्यावरून तीनदा भांडून घेतलं. आणि गावातल्या ठेकेदाराच्या गाडीतून शहराहून एक भलं मोठं खोकं आलं.

दुसऱ्या दिवशी फादर मावशीच्या घरी आले. सून नुकती कामावरून आली होती, तिने चहा ठेवला. फादरांनी आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग हवेची, मग पुन्हा गुडघ्यांची.

"फादर, काय ते बोलून टाका," मावशी म्हणाली. "कळा देऊन होत नाही ते अडलेलं असतं."

सुनेने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. फादर लाल झाले. "ठेकेदारांनी बाळाची नवी मूर्ती दिली आहे, मावशी. फार सुंदर आहे. त्यांची इच्छा आहे की यंदा बाळाला त्यांच्या पत्नीने आणावं. तुमचंही वय झालं, एवढं चालायचं, गुडघे..."

"मी मूल गुडघ्यांनी उचलत नाही."

"तसं नाही..."

"आणि गुंडाळायचं कुणी?"

"ती मूर्ती... गुंडाळता येईल असं वाटत नाही. हात पसरलेले आहेत तिचे."

मावशीने चहाचा शेवटचा घोट घेऊन कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं. तुमचं चर्च, तुमचा नाताळ. पण पोर मी एकदा तपासणार."

फादर गेल्यावर सून म्हणाली, "आई, मी बोलू का त्यांच्याशी?"

"काय बोलशील? म्हातारीला खेळायला बाहुली द्या म्हणून?" असं म्हणून ती उठली आणि दाराआडची पिशवी काढून कात्री उकळायला ठेवली. महिन्याचा पहिला शनिवार होऊन चार दिवस झाले होते. सुनेने ते पाहिलं आणि गॅस थोडा मोठा केला.

तपासणी दुसऱ्या दिवशी वेदीमागच्या खोलीत झाली. खोक्यातल्या पेंढ्यातून मूर्ती बाहेर निघाली. पांढरीशुभ्र, गाल गुलाबी, सोनेरी कुरळे केस, डोळे टक्क उघडे, हसरा चेहरा, दोन्ही हात असे पसरलेले की आता कुणाला तरी मिठीच मारणार. मावशीने चष्मा लावला. टाळूवरून बोट फिरवलं. मांडीच्या वळ्या पाहिल्या. जबडा पाहिला.

"हे नुकतं जन्मलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" फादर म्हणाले.

"सहा महिन्यांचं आहे. नुकतं जन्मलेलं मूल डोळे किलकिले करून, मुठी आवळून येतं, भांडायला आल्यासारखं. ते असं हसत नाही. त्याला हसण्यासारखं काही घडलेलंच नसतं. याला आता दात येतील, फादर."

फादरांना हसावं की रागवावं ते कळेना. मूर्ती परत खोक्यात गेली.

रविवारी मिस्सा संपल्यावर रंगीत तालीम होती. लोक थांबले होते, मुख्य म्हणजे बाया थांबल्या होत्या. मावशी तिच्या बाकावर, हात मांडीवर. घरी जाते म्हणाली होती, पण सुनेने तिची चप्पल स्वतःच्या पिशवीत टाकली होती.

गाणं सुरू झालं. ठेकेदारीणबाई दारात आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, मूर्तीही बाळासारखीच धरायची हे बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी कमरेत धरली होती, घागर धरावी तशी. पहिलं पाऊल टाकलं, मूर्तीचं डोकं मागे कललं, आणि चर्चभर बसलेल्या बाया एका आवाजात ओरडल्या,

"मानेखाली हात!"

म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, लग्न न झालेल्या मुलीसुद्धा. कुणी कुणाला खूण केली नव्हती. ठेकेदारीणबाई इतक्या दचकल्या की मूर्ती खालीच यायची, पण त्यांनी पटकन मानेखाली हात घातला आणि जागच्या जागी खिळून राहिल्या. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांचे हात थांबले.

मावशी बाकावर बसून होती. हे तिचे शब्द होते. गावातल्या एकूणएक पहिलटकरणीला, मूल हातात देताना, तिने हे दोन शब्द सांगितले होते. सून दवाखान्यात आजही हेच सांगायची. मावशीने मोजदाद कधी ठेवली नव्हती. ती आज आपोआप झाली होती, तीही मोठ्याने.

ठेकेदाराच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. तो पहिल्या बाकावरून उठला. "अरे काय चाललंय? मूर्ती आहे ती! दगडाच्या मानेखाली हात कसला धरायचा?"

मावशी उभी राहिली. गुडघे वाजले, ते पार पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"तुझ्या धरला होता ना, म्हणून आज ताठ आहे."

चर्च हसलं. नुसतं हसलं नाही, फुटलं. ठेकेदाराचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला आणि ते पाहून लोक आणखी हसले. शेवटी तोही हसला. दुसरं काय करणार, गळ्यात नाळेचा वेढा घेऊन आलेला तो हाच.

एवढ्याने भागलं नाही. बाईंनी मूर्ती गोठ्यापर्यंत नेली आणि गव्हाणीत ठेवायला गेल्या, तर ती मावेना. वीतभर बाळाच्या मापाची गव्हाण, त्यात हे गुटगुटीत. पाय बाहेर, एक हात गाईच्या तोंडात. फादरांनी सुताराकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," म्हातारा सुतार म्हणाला. "गव्हाण बापाने केली ती बाळासाठी. पाहुण्यासाठी नाही."

आता फादरांची पंचाईत झाली. मूर्ती परत करावी तर ठेकेदाराचं तोंड पडतं, ठेवावी तर ठेवायची कुठे? चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली, दोन तट पडायची लक्षणं दिसू लागली. आणि मावशी, चप्पल नसलेली, मधल्या वाटेने अनवाणी चालत गोठ्यापाशी आली.

"फादर, एक विचारते. ते तीन राजे बाळाला भेटायला आले, ते नाताळच्याच दिवशी आले का?"

"नाही. नंतर आले. आपण तो सण जानेवारीत करतो."

"नंतर म्हणजे किती नंतर?"

"नक्की लिहिलेलं नाही. काही दिवस, काही महिने... वाट लांबची होती."

"मग झालं तर. नाताळला नुकतं जन्मलेलं ठेवा. राजे येतील त्या दिवशी हे ठेवा. वाट लांबची होती, तोवर पोर वाढलं. गव्हाणीत कशाला, आईच्या पुढ्यात पेंढ्यावर ठेवा, मोकळं. राजांकडे हात पसरून हसेल. त्याचे हात त्यासाठीच तर आहेत." मग ती ठेकेदाराकडे वळली. "आणि त्या दिवशी तुझी बायको आणेल. राजांपुढे. चालेल?"

ठेकेदाराने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मावशी, मला शिकवाल?" ती म्हणाली.

"ये गुरुवारी. भोपळा आहे घरात."

फादर त्या दिवसापुरते तरी गोड बोलणं विसरले. नुसतं म्हणाले, "असंच करू."

नाताळच्या सकाळी थंडी होती आणि दोन्ही दारं उघडी होती. बाळंत्याचं फडकं आलं ते ठेकेदाराच्या घरून, कारण वर्षातलं शेवटचं मूल म्हणजे त्याचीच नात. बाईंनी ते तीनदा धुऊन मऊ केलं होतं. मावशी दारातून निघाली. लाकडी बाळ तिच्या डाव्या हातावर, उजव्या हाताची बोटं पसरून मानेखाली. ती नेहमीपेक्षा सावकाश चालली, आणि त्याला कारण गुडघे नव्हते. दोन्ही बाजूंनी आज तिला डोकी नाही, तोंडं दिसत होती. त्यातली निम्मी तिनेच सगळ्यांच्या आधी पाहिलेली.

गोठ्यापाशी ती पोचली. चिडीचूप झालं. पोरंटोरं बाकांवर चढली. मावशीने फडकं पसरलं, आणि मग बाळाला पायांनी उलटं धरून पाठीत धपाटा घातला. लाकडाचा ठक्कन आवाज झाला. मागच्या बाकावर ठेकेदाराच्या नातीने भोकाड पसरलं.

"रडलं," मावशी म्हणाली, आणि गुंडाळायला घेतलं.

जानेवारीत राजांच्या सणाला ती आपल्या बाकावर बसली होती. ठेकेदारीणबाई मोठं बाळ घेऊन आल्या. डावा हात बुडाखाली, उजव्याची बोटं पसरून मानेखाली, खांदे सैल. बाया ओरडायच्या तयारीने पुढे झुकल्या होत्या. ओरडावं लागलं नाही.

घरी परतताना सून म्हणाली, "आई, एक सांगू? सहा महिन्यांचं मूल मान सावरतं. त्याच्या मानेखाली हात लागतच नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग तिला चार गुरुवार भोपळा घेऊन घरभर का फिरवलंत?"

"पुढच्या वर्षी माझे गुडघे नाही म्हणाले, तर लहान बाळ कोण आणणार?" मावशी म्हणाली. "आणि माझी चप्पल दे आधी. आज पुन्हा पिशवीत टाकलीस."