आबांचं भरलेलं काळीज

आमच्या आबांना कुठलीही वाईट बातमी सांगा, त्यातून ते शाबासकीच काढायचे. १९७४-७५ च्या सुमाराची गोष्ट. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीत ते वस्ताद होते, पोरांना कुस्ती शिकवायचे. स्वतः लढायचं सोडून बरीच वर्षं झाली होती, खुराक मात्र सुटला नव्हता. मी शाळेत शिक्षिका, लग्न होऊन पलीकडच्याच गल्लीत राहणारी. त्यामुळं त्यांना दवाखान्यात ओढत न्यायचं काम माझ्याकडं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि नीट समजावून सांगितलं. रक्ताचा दाब कित्येक वर्षं वाढलेला असणार. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड झाली आहे.

आबांनी एवढंच ऐकलं. खुर्चीत ताठ होऊन म्हणाले, "म्हंजे भरलंय म्हणा की! जोर काढून दंड भरतो, तसं काळीज भरलंय."

"नाही हो, हे भरणं चांगलं नव्हे," डॉक्टर म्हणाले. पण तोवर आबा फोटो हातात घेऊन कौतुकानं बघायला लागले होते. संध्याकाळी तालमीत जाऊन सगळ्यांना सांगूनही आले. पोरांना ते पटलं. पटणारच! मेहनतीनं अंग भरतं, एवढं एकच शास्त्र तिथं शिकवलं जायचं आणि शिकवणारे आबाच.

भरलेल्या काळजाला गोळ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्या गोळ्याही काही गुणाच्या नव्हत्या. एकीनं अंग ढिलं पडायचं, वाकून उठलं की चक्कर यायची. दुसरीनं सारखं लघवीला जावं लागायचं. हौद्यातल्या तांबड्या मातीत दोन पोरं एकमेकांना भिडलेली असताना वस्तादानं मधेच उठून जायचं, याची त्यांना लाज वाटायची. आठवडाभरात गोळ्या बंद. पण डॉक्टरांकडं जायचं ठरलं, की दोन-चार दिवस आधीपासून हे नेमानं गोळ्या घेणार, ताटातलं मीठ बाजूला सारणार. दाबाचा आकडा बरा यायचा. डॉक्टर खूष. बाहेर आल्यावर आबा मला म्हणायचे, "बघ, मारलं की मैदान!"

माझी तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, ही काय परीक्षा आहे? डॉक्टरांना फसवून मिळवायचं काय? एकदा मी त्यांच्यादेखत डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर चिडले, आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि गोळ्या होत्या तिथंच राहिल्या. आई बिचारी अळणी भाजी करायची. हे गुमान जेवायचे आणि तालमीतल्या पोरांच्या पंगतीला बसून वाटीवर वाटी तांबडा रस्सा ओरपायचे. आणि वर, म्हशी पिळतात त्या दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा.

"डोकं दुखतंय का माझं? छाती दुखतीया का? मग?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुखत नाही हाच तर या दुखण्याचा कावा, पण ते सांगायचं कुणाला!

अशी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात रंकाळ्यावरून फिरून येताना आबा मधेच कुठंतरी टेकायला लागले. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून एका उशीच्या दोन झाल्या. आणि आबा काय करत होते? नव्या पायताणाला शिव्या घालत होते. पाय आत जाईना, म्हणून दुकानदाराशी भांडून आले, "माप चुकलंय तुमचं, पावणं!" घरी मी त्यांच्या घोट्याजवळ बोट दाबून बघितलं. खड्डा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. मी तशीच रिक्षा बोलावली.

इस्पितळात नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय आता फुगून ढिलं पडलंय, रक्त पुढं ढकलायची ताकद उरलेली नाही. आबांना ते काही पटेना.

"एवढं भरलेलं, ढिलं कसं पडंल?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "वस्ताद, एखाद्या पोराला रोज त्याच्यापेक्षा वजनदार गड्याशी झुंजवलं, एक दिवस सुट्टी दिली नाही, तर?"

"मोडंल की त्ये!" आबा लगेच म्हणाले. "आधी अंगानं भरंल, मग बसंल. असं कुठला वस्ताद करतोय व्हय?"

म्हणाले आणि हात पुढं करून फोटो मागून घेतला. तो उजेडाला धरून विचारलं, "मग त्या गोळ्या?"

"समोरच्या गड्याचं वजन कमी करायला होत्या."

आबांनी माझ्याकडं मान वळवली. "हे असं आधी सांगायचं न्हाय व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं घसा कोरडा करून मी काय भजन म्हणत होते? व्हरांड्यात गेले आणि रागानं रडले.

त्यानंतर मात्र एक गोळी चुकली नाही. आईला द्यायला उशीर झाला तर हेच ओरडायचे. पायांची सूज उतरली, दम जरा कमी झाला, तसे तालमीत जाऊन खुर्ची टाकून बसायला लागले. जुना कुणी पैलवान भेटायला आला, चांगला पन्नाशीचा, मानेनं जाड, की त्याला धरायचे, "प्रेशर तपासलंस का?"

तो हसायचा. "वस्ताद, मला काय धाड भरलीया?"

एका दुपारी आबा धुसफुसत घरी आले आणि पलंगावर बसले. मी तिथंच होते. "ऐकत न्हाई गं एक बी. लई सांगितलं. हसत्यात नुसती." मी पाणी दिलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी वर्सं तू माझ्या मागं कशी लागलीस गं? कट्टाळली न्हाईस?"

"कंटाळले की," मी म्हटलं. "लई कंटाळले. पण तुम्ही हवे होता मला."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझा हात धरून बसले. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतसुद्धा आबा राहिले नाहीत.