प्रणालीचा सहावा थर

प्रणालीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मुलुंडच्या घरी, बाबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधताना. ती लॅबमधून रक्त न्यायला आली होती. सुईचं नाव काढलं तरी आमचे बाबा घामाघूम होतात. आतापर्यंत आलेला प्रत्येक जण ‘काही कळणारसुद्धा नाही, काका’ म्हणायचा आणि बाबा हात मागे ओढायचे. ही तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी मात्र म्हणाली, “काका, दुखणार. चांगलंच टोचेल. पाचपर्यंत मोजा, मग संपलं.” बाबांनी निमूटपणे पाच अंक मोजले. आई आणि मी बघतच राहिलो. जाताना ती दारात थांबली आणि मला म्हणाली, “खांदे मजबूत आहेत गं तुझे. दहीहंडीच्या थरात उभी राहशील?”

माझ्या खांद्यांची अशी तारीफ त्याआधी कुणी केली नव्हती, नंतरही केली नाही. मी गेले.

भांडुपच्या एका शाळेच्या मैदानात तिच्या मुलींच्या गोविंदा पथकाचा सराव चालायचा. तिथे आमची मैत्री झाली. मैत्री कसली, रोजची खरडपट्टीच होती ती. माझा नवा ड्रेस बघून म्हणाली, “मिने, हे कापड सोफ्याला जास्त शोभलं असतं.” एका मुलाखतीत मी आपटले तेव्हा सगळ्या मैत्रिणी माझी समजूत घालत होत्या, त्या कंपनीचं नशीब खोटं वगैरे. ही म्हणाली, “नशीब कसलं? तयारीच नव्हती तुझी. रविवारी येते, मी प्रश्न विचारते.” चार रविवार आली. साकीनाक्याची माझी आजची नोकरी त्या चार रविवारांमुळे लागली. ती स्वतःलाही सोडायची नाही. कधी मैदानात येतानाच जाहीर करायची, “आज माझं डोकं फिरलंय. तुमचा काही दोष नाही. जरा लांब राहा.” मी एकदा विचारलं, असं बोलून माणसं तुटत नाहीत का? “तोंडावर बोलते ना मी,” ती म्हणाली, “म्हणून पाठीमागे बोलायला काही उरतच नाही.”

मग आमची जुनी कॅप्टन लग्न करून नाशिकला गेली आणि शिट्टी प्रणालीच्या गळ्यात आली. कोण कुठल्या थरात उभं राहणार, कोण बाहेर बसणार, हे आता ती ठरवणार होती. आठवडाभरात पथकाची हवा बदलली. तिच्याच वयाच्या मुली तिला ताई म्हणायला लागल्या. चहाचा पहिला कप तिच्याकडे जाऊ लागला. तिने काहीही बोलावं आणि सगळ्यांनी खिदळावं, असं सुरू झालं. मीही त्यातच होते, हे सांगायला आज लाज वाटते. एकदा ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “जोक फालतू होता, मिने. का हसलीस?” मी पुन्हा हसले.

मला दुसऱ्या थरातली जागा सोडायची नव्हती. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच सहा थर लावणार होतो. नेमका तेव्हाच ऑफिसात फायलींचा खोका उचलताना माझा उजवा खांदा लचकला. घरी शेक, गोळ्या, मलम, सगळं चाललं होतं. मैदानात प्रणालीने विचारलं, “खांदा कसाय? जरा जपून वावरतेयस.” मी म्हटलं, “झकास!” तिने मान डोलावली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता.

गोकुळाष्टमीच्या आठ दिवस आधी घाटकोपरला सराव हंडी होती. मैदान खच्चून भरलेलं. पहिला थर लागला, आम्ही दुसऱ्यावर चढलो. तिसऱ्या थरातल्या मुलीने माझ्या खांद्यावर पाय रोवला तशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चौथा थर लागला, पाचवा लागला. माझा हात बधिर होऊन थरथरायला लागला होता. सहाव्या थराची श्रेया माझ्या पाठीवरून वर निघाली. समोर खाली प्रणाली उभी होती. पाचवा थर लागल्यापासून तिची नजर माझ्या हातावर होती. आणि तिने लांब शिट्टी फुंकली. उतरा!

एकेक थर नीट खाली आला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण लोकांनी हुर्यो केली, आमच्या मुली रडायला लागल्या. “कोण हललं? कोणामुळे झालं?” एकच गलका. प्रणाली एवढंच म्हणाली, “शिट्टी मी वाजवली. विचारायचं ते मला विचारा.”

मग तिने मला स्टेजच्या मागे नेलं. “कधीपासून दुखतोय?”

“दोन आठवडे.”

“तुझ्या वर तीन पोरी होत्या, मिने. चौथी चढत होती.”

“सांगितलं असतं तर तू मला काढलं असतंस ना!” मी रडतच म्हणाले.

“हो, काढलं असतं,” ती म्हणाली. “आणि संध्याकाळी खांदा शेकायला तुझ्या घरी आले असते. मी कॅप्टन झाले म्हणून तुझी मैत्रीण राहिले नाही का गं?”

मैत्री संपली, असंच धरून मी घरी आले. संध्याकाळी दारात प्रणाली. तिने आईकडून तवा आणि जुनं फडकं मागून घेतलं आणि माझा खांदा शेकायला बसली. दोनदा फडकं तव्यावर गरम करून झालं. मग तीच म्हणाली, “आता तू सांग. माझं काय चुकलं?”

पूर्वीची मी असते तर ‘काही नाही गं’ म्हणाले असते. पण त्या दिवशी मी खरं बोलले. “माझा हात थरथरताना तुला दिसला होता. तरी तू थांबलीस. श्रेया चढायला लागेपर्यंत थांबलीस.”

फडकं माझ्या खांद्यावर तसंच थांबलं. रागावेल, उठून जाईल, असं वाटलं मला. तिचे डोळे भरून आले होते. “हो,” ती म्हणाली. “मला सहावा थर हवा होता.” आणि तिने फडकं पुन्हा तव्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी तिने सगळ्यांना गोल बसवलं. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. निघालंच. “मिनल यंदा थरात नाही. खांदा दुखावलाय, तिने लपवलं होतं,” ती म्हणाली. मग तिने एक श्वास घेतला. “आणि मला तिचा हात थरथरताना दिसला होता. तरी मी शिट्टी उशिरा वाजवली, कारण मला सहावा थर हवा होता. पोरी पडल्या असत्या तर माझ्यामुळे पडल्या असत्या.”

ज्या मुलीपुढे आम्ही आठवडेच्या आठवडे खोटं हसत होतो, ती आमच्यासमोर मान ताठ ठेवून हे बोलत होती. एवढं धाडस मी त्याआधी कुणात पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने पहिल्या थरातली एक मुलगी हळूच म्हणाली, “माझा घोटा सुजलाय.” दुसरी म्हणाली, “मला चक्कर येते कधी कधी.” आणि श्रेया, सगळ्यात वर चढणारी श्रेया, गुडघ्यात तोंड घालून म्हणाली, “मला वर गेल्यावर खूप भीती वाटते गं, प्रणाली.”

किती दिवसांनी कुणीतरी तिला नुसतं प्रणाली म्हटलं होतं. ती उठली आणि श्रेयाशेजारी जाऊन बसली. त्या दिवशी आम्ही एकही थर लावला नाही.