भेंडीच्या पाण्यापायी सुटलेली गोळी

गेल्या महिन्यात वाईजवळ मामांच्या गुऱ्हाळावर गेले होते. गरम गुळाचा मोह, दुसरं काय... बघते तर मामा उसाचा रस उकळायच्या काहिलीशेजारी बसून तांब्यातून काहीतरी बुळबुळीत पीत होते.

रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी! मामा फौजेतून निवृत्त झालेले, मधुमेह जुना. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं म्हणून हे पाणी सुरू आणि मधुमेहाची गोळी बंद. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र भरायचं नाव घेत नव्हती, बूटही चढत नव्हता... अशा जखमेनं पाय गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझं डोकंच फिरलं. उभ्या उभ्या भाषण ठोकलं. भेंडी चांगलीच आहे. तंतू भरपूर, पोट साफ राहतं, जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढते. पण ती भाजी आहे, औषध नव्हे! मुतखड्याचा त्रास असेल तर बेतानं खावी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. आणि चालू गोळी मनानंच सोडणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ...

मामांनी तांब्यातला आणखी एक घोट घेतला. "झालं का गं भाषण? आता माझं ऐक. ह्या काहिलीत आपण भेंडीचा चीक घालतो का न्हाई? रसातली घाण वर येती का न्हाई? मग रक्ताचं बी तसंच हाय!"

भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चीक उकळत्या रसात घालायचा, की मळी तरंगून वर येते... इथल्या माणसांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. तिच्यापुढे माझे तंतू काय टिकणार?

झाऱ्यानं मळी काढत असलेली मामी तेवढ्यात वळली. "आवं, भेंडीनं मळी निघती, साखर कुठं निघती? साखर निघाली असती तर गूळ कशाचा झाला असता... तुमच्या डोक्याचा?"

सगळं गुऱ्हाळ हसलं. मामांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "लय शानी हाईस," एवढंच पुटपुटले.

दुसऱ्याच दिवशी मामी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी पुन्हा सुरू झाली, जखमेचं ड्रेसिंगही. भेंडीची भाजी खुशाल खा, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

आहारावर बोलून मी सभा गाजवते, पण घरातल्या माणसाला पटवायचं तर त्याच्याच कामातलं बोलावं लागतं. मामी, ते तुम्ही केलंत... तुमच्या त्या तिखट जिभेला माझा नमस्कार. आणि मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी गुपचूप गोळी सोडली असेल. आजच शेजारी बसून विचारा.

आज सकाळी मामांचा फोन आला. "बूट चढला गं पायात! पार नदीच्या घाटापतोर चालून आलो..."