चाकांचं अजून ठरायचंय

कवळीवाल्यांच्या बाहेरच्या खोलीत शिरताना पाय जपून टाकावा लागे. दारामागे एक चाक, पुस्तकांच्या कपाटाला टेकून दुसरं, खिडकीखाली तिसरं, आणि चौथ्यावर काच ठेवून त्याचा टीपॉय केलेला. ज्या गाडीची ही चाकं, ती दोनच माणसांची, उघड्या टपाची, जुनी लाल स्पोर्ट्स कार खाली गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी असे. इंजिन सुरेख चालायचं, दिवे लागायचे, हॉर्न तर गरजेपेक्षा चांगला होता. फक्त चाकांचा रंग ठरत नव्हता, आणि तो बरीच वर्षं ठरत नव्हता.

कारखान्यातून चाकं रुपेरी आली होती. मधल्या कुणा मालकाने ती ब्रशने क्रीम रंगवली. हे काम त्याने बहुधा रागात केलं असावं, कारण चाकाच्या तारांच्या टोकांशी रंगाचे थेंब तसेच वाळले होते. पण उन्हापावसात तो क्रीम असा काही मुरला होता की लाल रंगाशेजारी दुसरं काही शोभलं नसतं. गाडीचं काम करणाऱ्या मिस्त्रीचं म्हणणं एकच, जे मुळात होतं तेच हवं, रुपेरी. कवळीवाल्यांना ते पटायचं. अडचण एवढीच की त्यांना उलटही तितकंच पटायचं.

याला त्यांचा धंदा कारण. जन्मभर त्यांनी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून दिल्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पांढरेशुभ्र दात मागितले की ते शांतपणे सांगत, दात वापरलेले दिसले पाहिजेत, नाहीतर माणसाच्या आधी तेच खोलीत शिरतात. मग एखाद्या दाताला पिवळट झाक द्यायची, एखादा कणभर तिरका बसवायचा. या न्यायाने क्रीम राहायला हवा होता. पण गाडीचे मूळचे दात तर रुपेरी. दोन्ही पक्षांचे वकील तेच, न्यायाधीश तेच, आणि पुढची तारीख देणारेही तेच.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी, चाकांवरची धूळ पुसण्यापलीकडे या खटल्यात भाग घेतला नव्हता. गाडी घेतली तेव्हाच दोघांचं ठरलं होतं, पहिली फेरी डोंगरावरच्या वळणांच्या रस्त्याने, वर तलाव दिसतो तिथपर्यंत.

यंदा बाई दारामागच्या चाकाला अडखळू लागल्या. आधी दोष चाकाला दिला गेला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चाक निर्दोष सुटलं. काचबिंदू होता. नजर कडांकडून आत आत येत होती. औषधाने हे आक्रसणं रेंगाळेल, कदाचित थांबेलही, पण गेलेली नजर परत येणार नाही.

घरी आल्यावर कवळीवाले सरळ कामाला लागले. त्यांनी दारामागचं चाक उचललं, रुपेरी रंगाचा डबा फोडला आणि दोन चाकं रंगवून टाकली. वाळल्यावर ती उरलेल्या दोन क्रीम चाकांशेजारी ठेवली, तेव्हा लक्षात आलं की आपण होतो तिथेच आहोत, फक्त आता पुरावा समोर आहे. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून माणसाच्या तोंडात बसवायचे, हातात आरसा द्यायचा आणि विचारायचं, ही त्यांची रीत. त्याच आवाजात त्यांनी बाईंना विचारलं, कसं वाटतं?

बाईंनी मान पुरती वळवून एकेक चाक पाहिलं. हल्ली तसंच पाहावं लागे.

"आत बसल्यावर चाकं दिसतात का हो?"

"नाही."

"मग मला आत बसवा. तलाव अजून एका नजरेत मावेल माझ्या."

कवळीवाल्यांनी मिस्त्रीला फोन केला. संध्याकाळपर्यंत चाकं चढली, डावीकडे रुपेरी, उजवीकडे क्रीम. हे आपण केलं असं कुणाला सांगू नका, एवढीच मिस्त्रीची विनंती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. वेग असा की चढावर एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून काळजीने पाहिलं. वर पोचल्यावर गाडीचं तोंड पाण्याकडे करून त्यांनी इंजिन बंद केलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि मान न हलवता समोर बघत राहिल्या.

"मावला," त्या म्हणाल्या. "काठासकट."

कवळीवाल्यांना हॉर्न उगाचच पुसावासा वाटला.

परतताना पेट्रोल पंपावरच्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, थबकला आणि खात्रीसाठी दुसरी मारली. रंगाचं काम अर्धवट राहिलंय वाटतं, असं त्याने अदबीने विचारलं. कवळीवाले काही बोलायच्या आत बाईंनी उत्तर दिलं.

"ठरायचंय अजून. रोज थोडी चालवून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"घाई करण्यासारखं काम नाही हे," कवळीवाले गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.

टीपॉयची काच आता भिंतीला टेकून उभी आहे. पाहुण्यांनी कप कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच, पण त्या दोघांना जो घरी गाठेल त्यानेच तो सोडवावा.