सागवानाची मोटार

वाकस चालवताना सुतार लाकूड दोन्ही पायांच्या मध्ये दाबून धरतो आणि आडवं पातं वरून खाली, स्वतःच्याच अंगठ्यांच्या दिशेनं आणतो. बाभुळगावात माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं असंच काम केलं होतं आणि त्यांच्या पायाची दहाही बोटं शाबूत होती. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मामाजींना दिसत नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं. भर उन्हात ते म्हणाले, "बाई, आभाळ आलं वाटते." आभाळ कोरं होतं. मग मी लक्ष ठेवू लागले. दारात आलेला माणूस बोलेपर्यंत ते त्याला ओळखत नव्हते. चहाच्या कपाकडे हात हळूच सरकत सरकत जायचा. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी मात्र ते बोटांनी चाचपून तसेच देखणे करत होते, म्हणून गावाला पत्ता नव्हता. त्यांचे थोरले भाऊ हात थरथरतो म्हणून वाकस खुंटीला टांगून बसले आणि तीन महिन्यांत गेले. तेव्हा बोलायचं कोणी? माझा नवरा पांढरकवड्याला ट्रकवर होता. त्याला सांगावं, तर तो बापासमोर फटकन बोलून मोकळा होणार. मी गप्प बसले आणि भीत राहिले. भीत राहणं मला चांगलं जमत असे.

यवतमाळ मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तिथल्या एका जिनिंगवाल्या शेठजींचा निरोप आला. त्यांच्याकडे जुनी अमेरिकन मोटार होती, कुठल्याशा राजाकडून घेतलेली. अख्ख्या वऱ्हाडात तशी दुसरी नाही म्हणत. सुटे भाग मिळेनात म्हणून ती एका मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकली होती. जाण्याआधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना त्यांना हवा होता. "सूतभर चुकलं तरी घेणार नाही," असंही निरोप्यानं सांगितलं. मामाजी म्हणाले, "नंदी करतो तं मोटार काय मोठी?"

पिशवी धरायला म्हणून मी एसटीनं सोबत गेले. मोटार पाहिली. आमच्या माजघरापेक्षा लांब. मडगार्डांत रुतवून बसवलेली जादा चाकं, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा, टोकाला पंख पसरलेला पितळी पक्षी. मामाजींनी दोन्ही हात तिच्या अंगावरून फिरवले, गाय विकत घेताना फिरवतात तसे. बारा बोटांची वीत, म्हणून मोटारीची एक वीत तिथं लाकडाचं एक बोट, असा त्यांचा हिशेब. वरचं माप त्यांनी वितीनं घेतलं. चाकांजवळ वाकवत नाही असं ते म्हणाले, म्हणून खालची मापं मी घेतली आणि सांगत गेले. ते सुतळीला गाठी मारत गेले. माझी वीत त्यांच्यापेक्षा बरीच आखूड आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

महिनाभरानं जोडणी आली आणि चाकं मडगार्डाखाली बसेनात. आखूड वितीनं मोजलेली, लांब बोटांनी कापलेली, मोठीच होणार. मामाजींनी एक चाक हातात कितीतरी वेळ फिरवलं.

"हवा दमट हाय," ते म्हणाले. "लाकूड फुगलं."

जुनं वाळलेलं सागवान इतकं फुगत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि एव्हाना मलाही. चूक माझी होती. पण ती कबूल करायची, तर मापं मला का घ्यावी लागली इथवर बोलणं गेलं असतं. मी म्हटलं, "हो, मामाजी."

मग ती वीतभरसुद्धा नसलेली चाकं पायाच्या बोटांत धरून ते वाकसानं तासू लागले. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. प्रत्येक ठोक्याला माझा हात परातीवर थांबायचा. पुढचा ठोका आला की श्वास सोडायचा. तिसऱ्या दिवशी पुढचा ठोका आलाच नाही. धावत गेले तर त्यांनी अंगठा धोतरात गुंडाळला होता.

"लाकडाची फास रुतली," ते म्हणाले.

चाकावर रक्त होतं. ते चाक मी धुतलं आणि धुताना रडले, कारण ते माझ्यामुळे मोठं झालं होतं.

आमच्यात बायकांनी हत्याराला दसऱ्याच्या हळदकुंकवापुरताच हात लावायचा. मी दुसऱ्या दिवसापासून चोरून लावला. दुपारी मामाजी झोपत आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू होई. तिच्या धडधडीत माझे ठोके बुडून जात. पटाशीनं, कानशीनं मी चाकं उतरवली, चिरा कोरल्या, जुन्या समईच्या तुकड्यातून पक्षी घासून काढला. गिरणी मध्येच थांबली की मी हत्यार पदराखाली घेऊन दगडासारखी बसायचे. माझी बोटं कापून कापून चिंध्यांनी भरली. वाकसाला काम उरू नये एवढीच माझी धडपड होती. मामाजी उठून चाचपायचे आणि म्हणायचे, "सकाळी बरंच झालंतं की."

तयार नमुना आम्ही यवतमाळला नेला. शेठजींनी चष्मा लावून तो खऱ्या मोटारीशेजारी ठेवला. चिरा नखानं मोजल्या. मग म्हणाले, "मिस्त्री, लाकडाचा रंग जरा फिक्का वाटत नाही?"

मामाजी वाकले. "उन्हात वाटते तसा, शेठजी."

आम्ही गॅरेजच्या सावलीत उभे होतो. शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे. मी ती पदराखाली घेतली. आता हे बोलणार, सगळ्या नोकरांसमोर बोलणार. पण ते एवढंच म्हणाले, "मुंबईवाल्यांनाही असाच एक पाहिजे. द्याल?"

"देतो," मामाजी म्हणाले. त्यांची मान मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती. त्यांचं नाव राखायला मी एवढा आटापिटा केला, आणि त्या नावानंच पुन्हा वाकस त्यांच्या हातात दिला. येताना एसटीत ते सबंध वाट बोलत होते.

सकाळी त्यांनी नवा ओंडका पायात धरला. वाकस वर गेला आणि मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"मामाजी, तुमाले दिसत नाही."

मी बोलून गेले. ते ओरडतील, उठून जातील, भावासारखे भिंतीकडे तोंड करून पडतील. ते हललेही नाहीत.

"कवापासून माहीत हाय तुले?"

"मागल्या पोळ्यापासून."

"अन् बोलली काहून नाही?"

"भेव वाटे."

"मले वाटे, या घरात मीच एकटा भेऊन राह्यलो," मामाजी म्हणाले. त्यांनी माझा हात चाचपला, एकेका चिंधीवरून बोट फिरवलं आणि वाकसाचा दांडा माझ्या मुठीत दिला. पाय मात्र ओंडक्यावरून काढले नाहीत. "मी धरतो. तू मार."

"पाय काढा, मामाजी."

"पायाबिगर लाकूड हालते. मार."

मी मारला. घाव भलतीकडेच, त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडला.

"डोये मिटले काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उघड. दोघांतून एकाचे तं उघडे पाह्यजेत."